बॅटरीची खांदशेकणी

"वाशिमला? तिथं काय आहे बघायला?" शेजारच्या बाईंनी विचारलं, इस्त्रीवाल्याने विचारलं आणि माझ्या सख्ख्या भावानेही विचारलं. खरं उत्तर दिलं असतं तर तिघांनी मिळून मला दारातच अडवलं असतं. मी साय बघायला निघाले होते.

दुधाची नव्हे, बॅटरीतली. लिथियम हा भयंकर तापट गडी. तो ज्या इलेक्ट्रोडमध्ये जाऊन बसतो, त्या इलेक्ट्रोडचा आणि बॅटरीतल्या द्रवाचा नुसता स्पर्श झाला, की दोघांची जुंपते. गंमत अशी की या भांडणातूनच इलेक्ट्रोडवर एक पातळ पापुद्रा धरतो आणि तोच पुढचं भांडण थांबवतो. लिथियमला तेवढी ये-जा करू देतो, बाकीच्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवतो. तो पातळ राहिला तर बॅटरी वर्षानुवर्षं चालते. जाड होत गेला तर लिथियम खात सुटतो आणि बॅटरी मरते. शास्त्रात त्याला लांबलचक नाव आहे. आमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत आम्ही त्याला साय म्हणतो.

ही साय उन्हाळ्यातही पातळ राहावी म्हणून मी त्या द्रवात मिसळायचं एक औषध शोधलं होतं. निदान मला तसं वाटत होतं. औषध घातलेल्या बॅटऱ्या आम्ही वाशिम जिल्ह्यातल्या काही शेतकऱ्यांच्या फवारणी पंपांना बसवून दिल्या. तिथल्या मे महिन्यात वेगळी भट्टी लावावी लागत नाही, हा त्यातला हिशेब. उन्हाळा आला, आणि बॅटऱ्या एकामागून एक माना टाकू लागल्या. उरली फक्त एक. ती आणायची, कापायची आणि आतली साय बघायची. पातळ निघाली तर माझं औषध खरं. नाहीतर इतक्या वर्षांचं काम पाण्यात, आणि ते पाणी माझ्या डोळ्यांतलं. श्रावण संपत आला होता. मी एकटीच निघाले.

कामरगाव

आधी मयतांची गाठोडी गोळा करायची होती, म्हणून पहिला मुक्काम कामरगाव. स्टँडसमोर आलुबोंडा खाल्ला. आमच्याकडच्या बटाटेवड्याचा हा थोरला भाऊ. त्याच्यावर तिखट रस्सा ओततात आणि मग खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत उभे राहतात. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा हॉटेलवाल्याला फार समाधान वाटलं.

ज्यांच्याकडची बॅटरी गेली होती ते गृहस्थ तिच्याबद्दल असं बोलत होते, जणू घरातलं माणूसच गेलं असावं.

"लय इमानदार होती मॅडम. पुतन्याच्या लग्नात मांडवातले सारे लाइट तिच्यावरच जळले."

"पण ती फवारणीसाठी होती ना?"

"फवारनीले बी लावली असती. पन लग्नातच गेली."

पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्याने तर छातीवर हात ठेवून सांगितलं, की त्याने तिला हातसुद्धा लावला नव्हता. खराब होऊ नये म्हणून पूर्ण चार्ज करून, फडक्यात बांधून, उन्हाळाभर टिनाच्या छपराखाली टांगून ठेवली होती. लोणचंसुद्धा इतक्या मायेने कोणी टांगत नाही. मी दोन्ही बॅटऱ्या पिशवीत घातल्या आणि आभार मानले. भरल्या पोटाने उन्हात झोपणाऱ्याचं जे होतं तेच या दुसरीचं झालं होतं, पण हे मला तेव्हा सुचलं नाही. माझ्या डोक्यात फक्त औषध होतं.

रिसोडच्या वाटेवर

जीपमध्ये माझ्या मांडीवर पिशवी, पिशवीवर शेजारच्या बाईंची कोथिंबिरीची जुडी आणि जुडीवर त्यांचा कोपर. दर खड्ड्याला पिशवी माझ्या गुडघ्यावर आदळत होती.

"काय हाय वो यात एवढं जड?" बाईंनी विचारलं.

"मेलेल्या बॅटऱ्या."

"बाप्पा! मंग माती द्या न् त्यायले. कायले घेऊन फिरता?"

"कापून बघायच्यात. कशाने मेल्या ते."

बाईंनी कोथिंबीर उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. रिसोडला ज्याची बॅटरी गेली होती त्या माणसाने ती स्वतःच उघडून पाहिली होती आणि आत काहीच हलत नाही म्हणून पुन्हा टेपने बंद केली होती. त्याच्या भुवया जागेवर आहेत याचंच मला नवल वाटलं. मी त्याला चार शब्द सुनावले. त्याने मला चहा पाजला.

जऊळका

जऊळक्यापासून आत, सोयाबीनच्या हिरव्यागार पट्ट्यांमधून जाणाऱ्या रस्त्यावर पुंजाजी आणि कौसाबाईंचं गाव आहे. आम्ही या घरात दोन बॅटऱ्या दिल्या होत्या, एक नवऱ्याच्या पंपाला, एक बायकोच्या. जिवंत राहिली ती कौसाबाईंची. पुंजाजींनी आपल्या बॅटरीबद्दल मला फोनवर सांगितलं होतं, की उंदरांनी खाल्ली आणि उरलेली फेकून दिली. लिथियमची बॅटरी खाणारा उंदीर मला फार बघायचा होता.

मी पोचले तो पोळ्याचा आदला दिवस. आमच्याकडे पुण्यात पोळा म्हणजे मातीचे दोन बैल आणायचे आणि पुरणपोळ्या दुकानातून. इथे आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. जुवाखाली वर्षभर घासलेले त्यांचे खांदे पळसाच्या पानांनी, ऊन पाण्याने शेकायचे, हळद आणि लोणी चोळायचं. आणि मग बैलाच्या कानाशी आमंत्रण द्यायचं: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. ज्याच्याकडून वर्षभर ओझं ओढून घेतलं, त्याला एक दिवस पाहुण्यासारखं बोलवायचं.

अंगणात शिरले तर गोठा रिकामा. बैल विकून बरेच दिवस झाले होते, नांगरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने व्हायची. पण ओट्यावर पाट मांडला होता. पाटाभोवती रांगोळी होती. पाटावर माझी बॅटरी होती. आणि पाटासमोर पन्नाशीची एक काटक बाई पळसाचं पान हळदीच्या वाफाळत्या पाण्यात बुडवून नुकतंच वर काढत होती.

"पाणी नको!" मी जी किंकाळी फोडली ती ऐकून शेजारच्या घरातले दोघे काठ्या घेऊन धावत आले.

कौसाबाईंनी पान हातातच धरलं. पानातून पिवळे थेंब बॅटरीच्या अगदी बोटभर अलीकडे टपटपत होते.

"काहून वो? काय झालं?"

"पाणी लागू देऊ नका तिला. आत पाण्याचा थेंब जरी गेला ना, तर आतल्या क्षाराशी मिळून त्याचं आम्ल होतं. ते सगळं आतून खाऊन टाकतं."

"पन वरून कुठं फुटकी हाय?"

"नसेल. पण मी इतक्या लांबून हिच्यासाठी आले आहे. माझ्या जिवाला घोर नको."

त्यांनी माझ्याकडे, मग बॅटरीकडे पाहिलं. "बरं. तुमची जात पान्याले भेते म्हना." त्यांनी पान बाजूला ठेवलं, कोरडी हळद आणि लोण्याचं बोट डब्याच्या प्लॅस्टिकवर फिरवलं, तारांच्या टोकांपासून चांगलं वीतभर दूर. मग वाकून बॅटरीच्या कानाशी, म्हणजे जिथे कान असायला हवा होता तिथे, तेच म्हणाल्या: "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मला हसू आवरेना. पुंजाजी तर खांबाला टेकून उघड हसत होते. "यडी झाली हे. लोकं बैल पुजतात, हे डबा पुजते."

"मातीच्या बैलानं काय केलं माह्यासाठी?" कौसाबाई फणकारल्या. "दांड्याचा पंप मारून मारून हा खांदा गेला होता माहा. रातच्याले कुशीवर झोपता येत नोतं. हा आला अन् माहा खांदा वाचला. ज्यानं वझं घेतलं त्याचाच पोळा."

उजवा खांदा त्यांनी पदराआडून नकळत दाबला. त्या बोलण्यात थट्टा नव्हती, आणि माझं हसू मला जरा महागात पडल्यासारखं वाटलं. मी बॅटरीवर मीटर लावला. ती अशी ठणठणीत होती, जणू कालच कारखान्यातून आली असावी. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं, पण त्या दिवशीचा ओरडण्याचा कोटा संपला होता.

पाटावरून सॉकेटपर्यंत

रात्रीच्या जेवणाला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा होता. जेवता जेवता मी माझं चौकशीसत्र सुरू केलं. बॅटरी चार्ज कधी करता, ठेवता कुठे, वगैरे. मला खात्री होती की उत्तरांत काही विशेष निघणार नाही आणि सगळं श्रेय औषधाकडे जाईल.

"फवारून आली की लगेच चार्जिंगला लावता?"

"छ्या! कामावरून आलेल्या बैलाले कोनी लगेच पानी पाजते का? आधी घाम जिरू द्या लागते. माठाजवळ ठेवतो गार जागी. हात लावून पाह्यतो. गार झाली की मंग लावतो."

"आणि रात्रभर लावता?"

"रातभर कशी लावीन? बोर्डाले भोक एकच हाय. तथी टीव्हीचं बटन. माही सिरियल लागली की मी चार्जर काढून फेकतो. मंग थे भरली असो का नसो."

मी घास तोंडात तसाच धरला. गरम असताना चार्ज नाही. कधीच पूर्ण भरणं नाही. ठेवायला माठाजवळची गार जागा. सायीला जाड करणाऱ्या ज्या गोष्टी आम्ही प्रयोगशाळेत महागड्या यंत्रांनी टाळतो, त्यातली एक या घरात बैलाच्या नियमाने टळली होती आणि दुसरी एका सासूच्या कारस्थानामुळे. टीव्हीवरच्या सासूच्या.

कौसाबाईंचा बैलाचा सिद्धांत सगळाच बरोबर होता असं मात्र नाही. नवीन गोऱ्हा मुरवतात तशी त्यांनी बॅटरी आधी महिनाभर अर्ध्याच टाकीवर चालवली होती. त्याचा काडीचा उपयोग नव्हता, कारण पहिली साय कारखान्यातच धरलेली असते. शिवाय दर अमावास्येला त्या तिला खुराक म्हणून गुळाचा खडा दाखवत होत्या. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी मला आणखी एक भाकर वाढली.

"आणि तुमची कशी गेली?" मी पुंजाजींना विचारलं.

"उंदीर," ते भाकरीकडे बघत म्हणाले. "मी तं फुल चार्ज करून, टिनाखाली टांगून ठेवत होतो. तयार असली पाह्यजे न् मानसाची वस्तू. तुमचा मालच खराब होता मॅडम. हिची निंघाली चांगली, नशीब हिचं."

"नशीब!" कौसाबाई म्हणाल्या, आणि एवढ्या एका शब्दात त्यांनी नवऱ्याच्या सगळ्या आयुष्याची समीक्षा केली.

पोळा

दुसऱ्या दिवशी दुपारी गावाबाहेरच्या मैदानात तोरणाखाली बैलांची रांग लागली. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर झुली. ज्यांचे बैल उरले होते ते ताठ मानेने उभे, ज्यांचे उरले नव्हते ते त्यांच्या झुली सरळ करत हिंडत होते. रांगेच्या अगदी टोकाला कौसाबाई, पाठीवर फवारणी पंप, पंपाला झेंडूची माळ. लोकांनी आधी हुर्यो केली. मग एका म्हाताऱ्याने हात वर करून खणखणीत झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, म्हटली:

"बैल चाले चाऱ्यानं, पतंग उडे वाऱ्यानं,
कौसाचा बैल धावते वायरीच्या दोऱ्यानं,
बोला हर हर महादेव!"

मैदान खदखदून हसलं आणि कौसाबाई सगळ्यांत जोरात हसल्या. पण तोरण तुटलं आणि बैल घरोघर निघाले तेव्हा एकेका दारातून बायका ओवाळायला बाहेर येत होत्या, आणि बऱ्याच जणींनी पंपालाही कुंकू लावलं. मला वाटतं त्यांतल्या बऱ्याच जणींचे खांदे दुखत असावेत.

पुरणपोळी तुपाच्या वाटीत बुडवून खायची असते हे मला इथे कळलं. पुण्यात आम्ही तूप पोळीला लावतो, इथे पोळी तुपाला लावतात. जोडीला कढी आणि उडदाचे वडे. तिसऱ्या पोळीनंतर माझी बोलण्याची हिंमत झाली, कारण बोलणं भाग होतं. सकाळी माझी गाडी होती.

"कौसाबाई, बॅटरी मला न्यायची आहे. आणि खरं सांगते, ती परत येणार नाही. कापावी लागते. त्याशिवाय आतली साय दिसत नाही."

त्यांनी पोळपाट पुसणं थांबवलं. "कापल्यावर शिवता येत नाई?"

"नाही. मी नव्या दोन देईन बदल्यात."

"नव्या." त्यांनी तो शब्द चाखून बघितल्यासारखा म्हटला. "अन् नाई कापली तं काय होईन?"

"तर माझं औषध खरं की खोटं ते कळणार नाही. सगळं काम त्यावर अडलंय."

पुंजाजी मध्येच म्हणाले, "देऊन टाक वो. कापली की समजंन हिचीच कशी चांगली होती, अन् माही खराब." कौसाबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून इतक्या गोड आवाजात "बरं" म्हणाल्या, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण मी तुपात होते.

सकाळी गाठोडं तयार होतं. खोका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला, वर हळदीकुंकू, बाजूला पुरणपोळ्यांची शिदोरी. "रस्त्यात सोडू नका," त्या म्हणाल्या. "पाठवनी हाय त्याची." मी गाठ सोडली नाही. इतक्या श्रद्धेने बांधलेलं गाठोडं मीटर लावून तपासायला मन धजलं नाही, आणि खरं तर गाडी चुकत होती. नव्या दोन बॅटऱ्या मी पाटावर ठेवल्या. पुंजाजी लगेच त्यांतली एक घेऊन टिनाच्या छपराकडे निघाले, आणि कौसाबाईंनी ती त्यांच्या हातातून काढून माठाजवळ ठेवली.

पुणे

प्रयोगशाळेत लुगडं सोडलं. आतून हळद आणि लोण्याचा वास आला. मीटर लावला. काटा जागचा हलला नाही.

पुन्हा लावला. तारा बदलल्या, मीटर बदलला, चष्मा पुसला. बॅटरी मेलेली होती, आणि ताजी मेलेली नव्हती. हळदीखाली शाईने लिहिलेला नंबर होता. तो पुंजाजींच्या बॅटरीचा होता. तिच्यावर उंदराच्या दाताची एक खूणही नव्हती.

मी फोन लावला तेव्हा माझे कान तापले होते.

"पोचल्या का मॅडम? पोळ्या खराब तं नाई झाल्या?"

"कौसाबाई, ही कोणती बॅटरी दिलीत मला?"

"यायची," त्या अजिबात न लाजता म्हणाल्या. "उंदरानं काई नाई खाल्ली. माही चालते अन् आपली मेली, लोकं हासतीन, म्हनून घरावर, धाब्याच्या छतावर लपवली होती त्यायनं. मले पह्यल्यापासून ठाऊक होतं."

"अहो, पण मी तुमची मागितली होती!"

"तुमीच म्हनल्या न् कापाची हाय म्हनून. कापाचीच हाय तं मेलेली कापा. जित्याले कायले कापता?"

मी फोन ठेवला. खूप चिडले, टेबलावर हात आपटला, हात दुखला. मग दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून तीच बॅटरी आर्गॉन वायू भरलेल्या काचेच्या पेटीत घेतली आणि कापली. आत जाडजूड, तपकिरी, खरवडीसारखा थर. मग कामरगावच्या बॅटऱ्याही कापल्या, त्यांतही अगदी तसाच. त्या थराकडे बघता बघता माझा राग हळूहळू उतरला आणि त्याच्या जागी दुसरंच काही आलं. हीच ती जोडी होती. एकाच घरातली, एकाच शेतात राबलेली, कारखान्यात एकाच दिवशी द्रव भरलेली, दोघींत माझं तेच औषध. एक टिनाखाली भरल्या पोटी टांगलेली, ती मेली. एक माठाजवळ अर्ध्या पोटी ठेवलेली, ती जगली. औषधाने पुंजाजींच्या बॅटरीला वाचवलं नव्हतं. मग कौसाबाईंच्या बॅटरीला त्याने वाचवलं, असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार होते? जिवंत बॅटरी हाती लागली असती तर आतली पातळ साय बघून मी आनंदाने नाचले असते, आणि सगळं श्रेय माझ्या औषधाला देऊन मोकळी झाले असते.

वाईट वाटलं, हे लपवत नाही. त्या औषधावर माझा जीव होता. अहवालात मी लिहिलं की औषध एकटं पुरत नाही. टीव्हीच्या मालिकेचा उल्लेख कसा करावा यावर बराच विचार केला आणि शेवटी 'घरगुती कारणांमुळे चार्जिंग अपूर्ण राहणे' असं लिहिलं. कौसाबाईंची बॅटरी न कापता वर्षभर नुसती मीटरने मोजत राहायची, असंही ठरवलं, आणि परवानगी मागायला पुन्हा फोन केला.

"मोजा न्, खुशाल मोजा," त्या म्हणाल्या. "पन तुमी कायले रडक्या आवाजात बोलता? लय काम पडते का?"

मी म्हटलं, हो, जरा जास्तच झालंय. खांदे भरून आलेत.

पलीकडे क्षणभर टीव्हीवरच्या सासूचा आवाज तेवढा आला. मग तोही बंद झाला. सिरियल चालू असताना कौसाबाईंनी टीव्ही बंद केला होता.

"मॅडम," त्या हळूच म्हणाल्या, "आज आवतन घ्या, पोळ्याले जेवाले या."

हे कोणाच्या कानात म्हणतात ते मी ओट्यावर उभी राहून पाहिलं होतं. मी आवतन घेतलं.